आपत्तीतून वाचलेल्यांना आधार देताना

आपत्तीतून वाचलेल्या माणसासमोर पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकाला बहुधा एकच प्रश्न छळतो : याच्याशी बोलायचे काय? प्रश्न रास्त आहे, पण तो जरा लवकर पडतो. ज्याचे घर काल रात्री पाण्याखाली गेले किंवा ज्याच्या बहिणीचा अजून ठावठिकाणा नाही, त्याला पहिल्या दिवशी शब्दांपेक्षा कोरडी जागा, पिण्याचे पाणी, चालू असलेला फोन आणि खरी माहिती यांची गरज अधिक असते. या गोष्टी त्याला कोणत्या रीतीने मिळाल्या, यावर त्याला मिळालेला मानसिक आधारही बराचसा अवलंबून असतो. रांगेत ताटकळत ठेवून, हात पसरायला लावून दिलेले पांघरूण अंगाला ऊब देते, पण मनाला ओरखडा काढते. म्हणून भावनिक आधार एकीकडे आणि व्यावहारिक मदत दुसरीकडे अशी विभागणी या लेखात केलेली नाही. आपत्ती माणसाचे सामान नेते आणि त्याबरोबरच कुठे झोपायचे, काय खायचे, कोणासोबत राहायचे हे ठरवण्याचा अधिकारही नेते. मदत करणाऱ्याने आपल्या प्रत्येक कृतीतून तो अधिकार थोडाथोडा परत द्यायचा असतो.

पुढील सूचना शेजारी, नातेवाईक, शिक्षक, मंडळांचे कार्यकर्ते अशा सामान्य माणसांसाठी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये इतर संस्थांसह 'मानसिक प्रथमोपचारा'ची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीही मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच. आधी परिस्थिती पाहणे, मग माणसाचे ऐकणे आणि शेवटी त्याला हव्या असलेल्या सेवांशी व माणसांशी जोडून देणे, असा तिचा सरळ क्रम आहे.

जाण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

आपत्तीच्या ठिकाणी मनाला येईल तसे धावत जाऊ नये. बचावकार्य कोणाकडे आहे, निवारा केंद्र कोण चालवत आहे, दवाखाना आणि हरवलेल्यांचा नोंदणी कक्ष कुठे आहे, हे आधी विचारून घ्यावे आणि जबाबदार व्यक्तीकडे आपले नाव नोंदवावे. स्वतःचे पाणी, शिधा, औषधे आणि झोपण्याची सोय स्वतः करावी. जिथे माणसांना पाणी पुरत नाही तिथे आपण एक तोंड वाढवणे ही मदत नव्हे.

पोहोचल्यावर काही मिनिटे नुसते पाहावे. भूकंपानंतर पुन्हा धक्के बसतात, त्यामुळे तडे गेलेल्या इमारतीत सामान आणायलाही कोणाला जाऊ देऊ नये. पुराचे पाणी शिरलेल्या घराचा वीजपुरवठा जाणकाराकडून तपासल्याखेरीज सुरू करू नये. जनरेटर बंद खोलीत किंवा खिडकीजवळ चालवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेली माणसे झोपेतच दगावतात. त्यानंतर नजर माणसांकडे वळवावी. मोठ्याने आक्रोश करणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. भिंतीकडे तोंड करून सुन्न बसलेला माणूस, एकटे मूल, ऐकू न येणारे वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीवाचून अडकलेली व्यक्ती मात्र नजरेतून निसटते. अशांना मुद्दाम शोधावे लागते.

याच वेळी रोजच्या औषधांची चौकशी करावी. मधुमेह, फेफरे, रक्तदाब, क्षयरोग किंवा मानसिक आजार यांची औषधे पुरात वाहून गेली किंवा ढिगाऱ्याखाली राहिली, तर दोन-चार दिवसांत नवेच संकट उभे राहते. डायलिसिसवर असणाऱ्यांची नोंद तर पहिल्याच तासात वैद्यकीय पथकाकडे जायला हवी. रोज मद्य पिणाऱ्याचे मद्य अचानक तुटले तर थरथर, भ्रम आणि झटके येऊ शकतात. हा वैद्यकीय धोका असतो, त्यामुळे त्याकडे 'नाटक' म्हणून पाहू नये.

बोलणे आणि न बोलणे

समोरच्याच्या पातळीवर बसावे, आपले नाव आणि आपण कोणाच्या वतीने आलो आहोत ते सांगावे आणि त्याचे नाव विचारावे. 'आपद्ग्रस्त' हा शब्द कागदोपत्री ठीक आहे, माणसाला हाक मारण्यासाठी तो नाही. काका, मावशी, ताई, दादा असे म्हणण्याची आपली सवय चांगलीच आहे, पण सगळ्या छावणीला सरसकट 'आजी-आजोबा' करून टाकले की नावे पुसली जातात. नाव माहीत असेल तर ते नात्याच्या संबोधनाला जोडून घ्यावे. त्यानंतर साधा प्रश्न विचारावा : 'आत्ता तुम्हाला सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते?' उत्तर अनेकदा आपल्या अपेक्षेबाहेरचे येते. घर गेलेला माणूस गोठ्यात बांधून राहिलेल्या जनावराबद्दल विचारतो, एखाद्या विद्यार्थिनीला पुढच्या आठवड्यातील परीक्षेची धास्ती असते. ती काळजी लहान की मोठी हे आपण ठरवू नये, तिथूनच सुरुवात करावी.

'कसे वाटते आहे?' हा प्रश्न पहिल्या दिवसांत टाळलेला बरा, कारण त्याला देण्याजोगे उत्तर कोणाकडेच नसते. 'मी समजू शकतो', 'देवाची इच्छा', 'निदान तुम्ही तरी वाचलात', 'इतरांचे तर याहून वाईट झाले', 'रडू नका, धीर धरा' ही वाक्ये बोलणाऱ्याची अस्वस्थता कमी करतात, ऐकणाऱ्याची नाही. धीर धरायला सांगणे आणि धीर देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला बहुतेक वेळा शब्द लागतच नाहीत. शेजारी शांत बसून राहावे, पाण्याचा पेला पुढे करावा, रडणे थांबेपर्यंत उठू नये. श्रद्धेचा विषय त्या माणसाने स्वतः काढला तर त्याच्या श्रद्धेला धरून बोलावे, आपली श्रद्धा किंवा अश्रद्धा मध्ये आणू नये. हात धरणे, खांद्यावर थोपटणे यालाही त्याची संमती आहे का, हे आधी पाहावे.

आश्वासनांच्या बाबतीत फार काटेकोर राहावे लागते. 'सगळे ठीक होईल', 'तुमचा मुलगा नक्की सापडेल', 'भरपाई लगेच मिळेल' यांतील एकही गोष्ट आपल्या हातात नसते. त्याऐवजी 'मला हे ठाऊक नाही, पण नोंदणी कक्षात विचारून संध्याकाळी सहा वाजता तुम्हाला सांगतो' असे म्हणावे, आणि सहा वाजता जावेच. उत्तर मिळाले नसेल तर 'अजून उत्तर नाही' एवढेच सांगायला जावे. हातात काही नसताना परत जायला संकोच वाटतो, म्हणून बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. ज्याच्या पायाखालची जमीनच विश्वासाची उरलेली नाही, त्याच्यासाठी दिलेल्या वेळेला आलेला माणूस हा पुन्हा भरवसा ठेवण्याजोगा पहिला पुरावा असतो. म्हणून प्रत्येकाने खिशात एक छोटी वही ठेवावी आणि कोणाला काय सांगितले ते त्याच क्षणी लिहून घ्यावे.

हकिकत उकरून काढू नये

मनात साचलेले सगळे लगेच बोलून टाकले की माणूस मोकळा होतो, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे, आणि केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये आपत्कालीन सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी घटनेनंतर लगेच एकत्र बसून सविस्तर बोलण्याची एक पद्धत मांडली, आणि पुढे तिच्यासारख्या एकाच बैठकीत उरकणाऱ्या पद्धती वाचलेल्या सामान्य लोकांवरही सर्रास वापरल्या गेल्या. भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मात्र उलटे चित्र दिसले. ज्यांच्याकडून अशी हकिकत वदवून घेतली होती त्यांच्यापैकी 26 टक्क्यांना तेरा महिन्यांनंतर आघातोत्तर ताणविकार, म्हणजे आघाताच्या आठवणी आणि भीती दीर्घकाळ छळत राहण्याचा आजार, होता, तर ज्यांना तसे केले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण 9 टक्के होते. हकिकत वदवून घेतलेल्या गटातील रुग्णांच्या भाजण्याच्या जखमा मुळातच अधिक गंभीर होत्या, त्यामुळे या एका चाचणीवर सगळा भार टाकता येत नाही. पण अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा 2002 मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला, तेव्हा एकाच बैठकीच्या या पद्धतीचा ताणविकार टाळण्यासाठी उपयोग होत असल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि तिची सक्ती थांबवावी असा निष्कर्ष त्यात काढला गेला.

याचा अर्थ बोलणाऱ्याला गप्प करावे असा नाही. माणूस आपणहून सांगू लागला तर न टोकता, तपशील न उकरता, त्याच्या वेगाने ऐकावे. तो मध्येच थांबला तर 'मग पुढे काय झाले?' असे विचारू नये. बातमीदार, पाहणी पथके आणि उत्सुक पाहुणे यांनाही हाच नियम लागू करावा, आणि एकच हकिकत माणसाला दिवसातून पाच वेळा सांगावी लागणार नाही याची जबाबदारी मदत करणाऱ्याने घ्यावी. छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी मागावी, आणि मदत हातात देतानाचे छायाचित्र मात्र मुळीच काढू नये.

एखाद्याचा श्वास भराभर चालत असेल, तो थरथरत असेल किंवा कुठे आहोत याचे भान सुटले असेल, तर त्याला गर्दीतून बाजूला घ्यावे, पाय जमिनीवर टेकवून बसवावे आणि श्वास सावकाश सोडायला सांगावे. आपण स्वतःही तसाच श्वास घेत राहिलो तर सूचना कमी द्याव्या लागतात. समोर दिसणाऱ्या दोन-चार वस्तूंची नावे सांगायला लावली, आज कोणता वार आहे हे विचारले, तर मन हळूहळू वर्तमानात येते. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा डोक्याला मार लागल्याची शंका असेल तर मात्र हे प्रकार करत न बसता वैद्यकीय मदत बोलवावी.

मृत्यू आणि बेपत्ता माणसे

मृत्यूची बातमी गर्दीत, उभ्या-उभ्या किंवा आडवळणाने देऊ नये. खात्री झाल्यावर, शक्यतो जवळच्या नातेवाइकाच्या उपस्थितीत, माणसाला बसवून, 'तुमच्या भावाचा मृत्यू झाला आहे' अशा स्पष्ट शब्दांत सांगावी. 'गेले', 'आता नाहीत' अशा शब्दांतून भांबावलेले मन वेगळा अर्थ काढते. मृतदेह पाहायचा की नाही हे कुटुंबाने ठरवावे. देह विद्रूप झाला असेल तर काय दिसेल याची कल्पना आधी द्यावी, पण 'तुम्हाला बघवणार नाही' म्हणून त्यांच्या वतीने निर्णय घेऊ नये.

मृतदेहांमुळे साथ पसरते या भीतीने सामूहिक दफन किंवा दहन घाईघाईने उरकले जाते. नैसर्गिक आपत्तीत अपघाती मृत्यू आलेल्यांचे देह साथीचे कारण ठरत नाहीत, साथीची भीती दूषित पाण्यापासून आणि दाटीवाटीतून असते. देह हाताळणाऱ्यांनी हातमोजे आणि स्वच्छता पाळावीच, पण छायाचित्र, अंगावरील खुणा आणि वस्तू यांची नोंद झाल्याखेरीज देहाची विल्हेवाट लावली, तर त्या कुटुंबाला आयुष्यभर वाट पाहावी लागते.

बेपत्ता माणसाच्या घरच्यांची अवस्था शोकाहूनही अवघड असते. अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी अशा हानीचा स्वतंत्र विचार मांडला : जिथे माणूस नाही, पण तो नसल्याची खात्रीही नाही, तिथे शोक सुरूच होऊ शकत नाही. अशा घरात 'आता मान्य करा' असा आग्रह धरू नये आणि 'नक्की येईल' असेही म्हणू नये. तो कुठे असू शकेल याबद्दल एकाच घरात दोन मते असू शकतात, ती तशीच राहू द्यावीत. करण्याजोगे काम म्हणजे शोधाची नोंद करणे, ती नियमित तपासणे आणि रेड क्रॉसच्या कुटुंब-संपर्क सेवेसारखी यंत्रणा उपलब्ध असेल तर तिच्याशी घरच्यांना जोडून देणे.

मुले

मुलांना काही कळत नाही असे धरून चालणे ही मोठ्यांची सोय असते. वडील वारले असताना 'ते गावाला गेले आहेत' असे सांगितलेल्या मुलाला खरे कळतेच, आणि त्या दिवशी त्याला दुसराही धक्का बसतो, तो आपल्या माणसांवरचा विश्वास तुटल्याचा. वयाला झेपेल अशा थोड्या आणि खऱ्या शब्दांत, शक्यतो घरातल्याच माणसाने सांगावे. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, अंगठा चोखते, आईला चिकटून राहते किंवा खेळात पुन्हा पुन्हा घर पाडते. यासाठी त्याला रागावू नये, त्याची टरही उडवू नये. ती खोड नसून भीती असते, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत आपली माणसे जवळ राहिली, झोपण्या-जेवण्याच्या वेळा ठरल्या आणि खेळायला मोकळी जागा मिळाली की ती हळूहळू ओसरते. लहान मुलांना आपत्तीची दृश्ये पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहू देऊ नयेत, कारण प्रत्येक वेळी ती नव्याने घडत आहेत असे त्यांना वाटू शकते. 'माझ्यामुळे झाले का?' हा प्रश्न मूल विचारत नाही, पण तो मनात असू शकतो, म्हणून 'यात तुझी काही चूक नाही' हे न विचारताच सांगावे.

एकटे सापडलेले मूल कोणीही चांगल्या हेतूने घरी घेऊन जाऊ नये. कोणत्या जागी, किती वाजता, कोणत्या कपड्यांत सापडले हे लिहून ठेवावे आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या यंत्रणेकडेच ते मूल सोपवावे. गोंधळाच्या दिवसांत मुले पळवणारेही मदतनिसाच्याच वेषात येतात.

निवारा आणि कागदपत्रे

मानवतावादी मदतकार्यासाठी स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये काही किमान मापे दिली आहेत : पिण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला 15 लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा, आणि सुरुवातीच्या घाईत 50 माणसांमागे तर पुढे 20 माणसांमागे एक शौचालय. ही मापे मन:स्वास्थ्याचीही आहेत. शौचालयाला आतून कडी नसेल आणि वाटेवर दिवा नसेल, तर बायका दिवसभर पाणी पिणे टाळतात, रात्रभर जाग्या राहतात, आणि मग त्यांच्या अशक्तपणाला आपण 'मानसिक धक्का' म्हणत बसतो. कपडे बदलण्याचा आडोसा, मासिक पाळीसाठी लागणाऱ्या वस्तू, स्तनपानासाठी शांत कोपरा आणि तक्रार कोणाकडे करायची ते सांगणारा फलक यांना दुय्यम समजू नये.

वाचलेल्यांना नुसते बसवून ठेवू नये. स्वयंपाक, पाणीवाटप, मुलांचा वर्ग, यादी लिहिणे यांत ज्याला सहभागी व्हायचे आहे त्याला काम द्यावे, कारण काम करणाऱ्या हातांना आपण काही करू शकतो हे पुन्हा पटते. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये सामूहिक आघातानंतरच्या मदतीची पाच सूत्रे मांडली : सुरक्षितता, शांतता, स्वतःच्या व समूहाच्या क्षमतेची जाणीव, माणसांशी जोडलेपण आणि आशा. यातील तिसरे सूत्र प्रत्यक्षात सर्वांत जास्त विसरले जाते. मदतीच्या सामानाचेही तेच होते. न मागितलेले जुने कपडे आणि मुदत संपत आलेली औषधे यांचे ढीग निवडायला माणसे लागतात, आणि ती दुसऱ्या कामावरून काढावी लागतात. काय हवे ते आधी विचारावे. बाजार चालू असेल तर वस्तूंपेक्षा रोख रक्कम अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यासोबत निवडही हातात येते.

घर साफ करण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, भिंतीवरील पाण्याच्या रेषेची आणि खराब झालेल्या वस्तूंची छायाचित्रे काढून ठेवायला मदत करावी. चिखल एकदा धुतला की नुकसान सिद्ध करणे कठीण जाते. भिजलेली कागदपत्रे ओढून सुटी करू नयेत, सावलीत वाऱ्यावर वाळू द्यावीत. ओळखपत्र, मालकीचे कागद, बँक, विमा, शाळेचे दाखले आणि मृत्यूची नोंद यांची यादी करावी, कोणत्या कार्यालयात कोणत्या तारखेला कोण भेटले ते वहीत लिहावे. आघातानंतर काही काळ लक्ष लागत नाही, सांगितलेले लक्षात राहत नाही, सहज जमणारा अर्जही डोंगराएवढा वाटतो. त्यामुळे कार्यालयात सोबत जाणे ही फार मोलाची मदत ठरते. बोलू मात्र त्यांनाच द्यावे, आपण शेजारी बसावे. अर्ज आपण परस्पर भरून टाकला तर काम लवकर उरकते, पण पुढच्या अर्जाला ते पुन्हा आपल्यावरच अवलंबून राहतात.

पुढचे महिने

झोप न लागणे, दचकणे, प्रसंग डोळ्यांसमोर येणे, चिडचिड, भूक मंदावणे आणि 'मीच का वाचलो?' अशी अपराधी भावना सुरुवातीच्या आठवड्यांत अनेकांना असते, आणि बहुतेकांची ती विशेष उपचारांवाचून कमी होत जाते. हे आजाराचे लक्षण नसून असाधारण प्रसंगाला मनाने दिलेला प्रतिसाद आहे, एवढे शांतपणे सांगणेही पुष्कळांना पुरते. झोपेच्या गोळ्या कोणी ओळखीवर वाटू नयेत. बेंझोडायझेपीन वर्गातील (झोप आणणारी, अस्वस्थता कमी करणारी) औषधे आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातील तीव्र ताणाच्या लक्षणांसाठी देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये स्पष्ट सांगितले आहे. लक्षणे महिन्याहून अधिक काळ तशीच राहिली किंवा वाढत गेली, रोजचे व्यवहार थांबले, नशा वाढली, तर तज्ज्ञाकडे न्यावे. मरणाची भाषा, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा विचार, भास होणे किंवा लहान मुलाची काळजी घेणेही न जमणे, यांपैकी काही दिसले तर महिन्याची वाट पाहू नये. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये, घातक वस्तू दूर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी तज्ज्ञाची मदत मिळवावी.

पहिल्या दोन आठवड्यांत मदतीची झुंबड असते. खरी ओढाताण नंतर सुरू होते. कॅमेरे गेलेले असतात, भरपाईच्या यादीत कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले यावरून शेजाऱ्यांत बेबनाव होतो आणि तात्पुरता निवारा लांबत जातो. ज्यांना फारसा वेळ नाही त्यांनी तो पहिल्या गर्दीत खर्च न करता तिसऱ्या-चौथ्या महिन्यासाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका स्वयंसेवकाने चाळीस कुटुंबांना एकदा भेटण्यापेक्षा चार कुटुंबांकडे वर्षभर जावे. पूरग्रस्ताला पुढच्या वर्षीचा पहिला मोठा पाऊस, भूकंपग्रस्ताला जड वाहनाच्या हादऱ्याने वाजलेली भांडी, आणि सर्वांनाच घटनेचा वर्षदिन जड जातो. त्या तारखा वहीत नोंदवून ठेवाव्यात आणि आधीच्या दिवशी फोन करावा.

हे सारे करताना स्वतःची झोप, जेवण आणि सुट्टी ठरवून घ्यावी, जोडीने काम करावे आणि दिवसअखेर जोडीदाराशी बोलावे. ऐकलेल्या हकिकती आपल्याला स्वप्नात दिसू लागल्या किंवा समोरच्याच्या रडण्याचा राग येऊ लागला, तर काही दिवस थांबावे. थांबतानाही न सांगता नाहीसे होऊ नये, कारण या माणसांनी अचानक जाणे पुरेसे पाहिलेले असते. शेवटची भेट कधी आहे हे आधी दोनदा सांगावे, पुढे कोण येईल त्याची समक्ष ओळख करून द्यावी, अर्धवट राहिलेल्या अर्जांच्या प्रती आणि तारखांची यादी त्या कुटुंबाच्याच हाती द्यावी, आणि वहीतील त्यांची पाने त्यांनी परवानगी दिली तरच नव्या माणसाकडे सोपवावीत.